खोक्यावरची तिरकी फुली

इमारतीतली सगळी माणसं त्यांना सर म्हणत. त्यांनी पस्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी शिकवण्याची सवय काही सुटली नव्हती. लिफ्ट बंद पडली की ती का बंद पडली ते सर सांगत. कुणाचा पंखा घरघरायला लागला की तो का घरघरतो तेही सरच सांगत. दुरुस्ती मात्र दुसरं कुणीतरी करायचं. लोकांनाही त्याचं काही वाटत नसे, उलट आपल्या इमारतीत एक जाणता माणूस आहे याचा त्यांना अभिमानच होता.

त्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे इमारतीच्या काकूंच्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ते उत्तम झालं, पण नंतर त्यांना उजेड सोसेना. संध्याकाळी बैठकीच्या खोलीतला दिवा लागला की त्या कपाळावर हात आडवा धरून बसायच्या. दिवा बंद केला की सरांना वाचता यायचं नाही. शेवटी सर आत आणि काकू बाहेर, अशा संध्याकाळी जायला लागल्या. चाळीस वर्षांच्या संसारात भांडण न होता अबोला आल्यासारखं झालं.

"डिमर बसवून घ्या," डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुचवलं. "फिरकी फिरवायची, हवा तेवढा उजेड ठेवायचा."

तिसऱ्या मजल्यावर एक दंतवैद्य राहायचे. इमारतीचा कारभारही तेच बघत. त्यांनी लगेच नाव सुचवलं. "वायरताईंना बोलवा. माझ्या दवाखान्याचं सगळं काम त्यांनी केलंय. चार वर्षांत एक तक्रार नाही."

वायरताई चाळिशीच्या आसपासची, ठेंगणी, केस रुमालात घट्ट बांधलेली बाई होती. स्कूटरला घडीची शिडी बांधून एकटीच कामाला यायची आणि मोजकंच बोलायची. पहिल्या दिवशी तिनं भिंतीवरचे तिन्ही बोर्ड उघडून पाहिले, छतातले बल्ब मोजले, आठ भरले, आणि वहीत टिपून ठेवले.

"सर, डिमर मी आणते. बल्ब मात्र बदलावे लागतील. डिमरवर चालणारेच हवेत. सगळे एलईडी चालत नाहीत. म्हणाल तर तेही मीच आणते."

"बल्ब मी आणतो," सर म्हणाले.

"मग खोक्यावर बघून घ्या. फिरकीचं चित्र असतं."

"बाई, मी पस्तीस वर्षं वीज शिकवली आहे."

"बरं," असं म्हणून तिनं वही मिटली.

सर दुकानात गेले तेव्हा दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. सर थांबले नाहीत, त्यांनी काही विचारलंही नाही. दुकानात उभं राहून प्रश्न विचारणं त्यांना कधी जमलंच नव्हतं, प्रश्न विचारायचे ते वर्गात आणि तेही उत्तर ठाऊक असलेले. त्यांनी फळीवरून 'डोळ्यांना सुखद' असं लिहिलेलं आठ बल्बचं खोकं उचललं आणि घरी आले. दाब कमी केला की प्रवाह कमी, प्रवाह कमी की उजेड कमी. यात चित्र बघण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

दोन दिवसांनी वायरताई आली. मेन स्विच बंद केला, टेस्टरनं प्रत्येक तार तपासली, जुनी बटणं काढली. बैठकीच्या खोलीतली भिंतीतली पेटी उथळ निघाली, तर तिनं खाली कागद पसरून छिन्नीनं हळूहळू गिलावा खरवडला, जमिनीवर चिमूटभर धूळ पडू दिली नाही. तीन तासांत तिन्ही डिमर बसले. सरांचे बल्ब तिनंच चढवले.

फिरकी पूर्ण वर होती तेव्हा सगळं छान दिसलं. मग तिनं फिरकी खाली आणायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर येताच बल्ब फडफडायला लागले. बोर्डातून माशी अडकल्यासारखा गुंजारव सुरू झाला. काकूंनी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

वायरताईनं फिरकी पुन्हा वर नेली. "सर, खोकं बघू जरा बल्बचं."

"खोकी कोण सांभाळून ठेवतं?" सर म्हणाले. "फेकून दिलं."

खोकं आतल्या खोलीत कपाटावर होतं. सर काहीच फेकत नसत. आपण असं का म्हणालो ते त्यांना पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. तेव्हा त्यांच्या मनात शंकासुद्धा नव्हती. एवढंच, की आपली वही कुणीतरी तपासायला मागतंय असं त्यांना वाटलं होतं.

"मला बल्बच वाटतात," ती म्हणाली. "पण तुमच्या समाधानासाठी डिमरही दुसऱ्या बनावटीचा आणून बघते. उद्या येते."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा घरात माणसं होती. दंतवैद्यांना आपल्याही घरी डिमर बसवायचे होते, म्हणून ते बघायला आले होते. तळमजल्यावरचा शिंपी सरांची पँट द्यायला आला होता, तोही रेंगाळला. वायरताईनं डिमर बदलला. फडफड होती तशीच. तेव्हा तिनं पिशवीतून स्वतःचा एक बल्ब काढला.

"हा एकच लावून दाखवते. एका मिनिटाचं काम आहे."

"नको," सर म्हणाले. "माझ्या घरात आता आणखी प्रयोग नकोत."

"सर, प्रयोग नाही, फक्त—"

"बाई, तुम्ही विजेचं काम करता. वीज म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुम्हाला?" सरांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. "सांगा बरं, ओहमचा नियम काय आहे?"

शिंपी पँटची घडी पुन्हा घालायला लागला. वायरताई शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बल्ब हातात धरून उभी होती. तिनं सरांकडे पाहिलं नाही. तिनं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर जमिनीकडे वळवली.

"बघा," सर दंतवैद्यांना म्हणाले. "हे असं असतं. नुसत्या तारा जोडता आल्या म्हणजे झालं."

वायरताई खाली उतरली. बल्ब कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला, शिडी मिटली. जाताना दाराशी थांबून म्हणाली, "काकू, तोवर फिरकी पूर्ण वरच ठेवा, म्हणजे फडफडणार नाही. फडफडीचा तरी डोळ्यांना त्रास नको." आणि गेली.

त्याच दुपारी सरांनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं. मुद्द्यांना क्रमांक दिले. अर्धवट ज्ञानाचा धोका, विजेच्या बाबतीत हलगर्जी, शिफारशीवर विसंबून राहण्याचे तोटे. भाषा शुद्ध होती, एकही चूक नव्हती. जिन्यातले सगळे दिवे बदलण्याचं काम वायरताईला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं, ते दोन दिवसांत दुसऱ्या माणसाकडे गेलं. दंतवैद्यांनी स्वतःच्या घरचं कामही पुढे ढकललं.

पुढच्या आठवड्यात काकूंच्या डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी सापडेना. सर स्टुलावर चढून कपाटावर हात फिरवत होते, तेव्हा ते खोकं त्यांच्या हाताला लागलं. ते बाजूला सारताना त्याची मागची बाजू समोर आली. तिथे चार चित्रं ओळीनं छापलेली होती. शेवटचं चित्र गोल फिरकीचं होतं, आणि तिच्यावर एक जाड, तिरकी फुली मारलेली होती.

सर स्टुलावर तसेच उभे राहिले. 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा.' हे वाक्य त्यांनी पस्तीस वर्षांत किती हजार मुलांना ऐकवलं असेल कोण जाणे. त्यांना शिडीवर उभी असलेली ती बाई दिसली. नुसती ती नाही, तिच्या हातातला बल्बही दिसला. एका मिनिटाचं काम होतं, तिनं सांगितलं होतं.

"सापडली का चिठ्ठी?" बाहेरून काकूंनी विचारलं.

"नाही अजून," सर म्हणाले, आणि त्यांनी ते खोकं चपटं करून रद्दीच्या गठ्ठ्यात अगदी तळाशी सारलं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या दुकानात गेले नाहीत. तीन रस्ते ओलांडून लांबच्या दुकानात गेले. तिथे मात्र त्यांनी विचारलं, तेही हळू आवाजात, औषधाच्या दुकानात काही अवघड वस्तू मागावी तसं. "डिमरवर चालणारे बल्ब आहेत का?" दुकानदारानं न बघता खोकं पुढे केलं. त्याच्या लेखी हा रोजचाच प्रश्न होता.

काकू दुपारच्या झोपल्या होत्या तेवढ्यात सरांनी आठही बल्ब बदलले. संध्याकाळी त्यांनी फिरकी हळूहळू खाली आणली. उजेड उतरत उतरत मंद झाला, खोलीतल्या वस्तू मऊ दिसायला लागल्या. ना फडफड, ना आवाज. काकूंनी कपाळावरचा हात काढला आणि कितीतरी दिवसांनी डोळे पूर्ण उघडून खोलीभर पाहिलं.

"बरं वाटतंय," एवढंच त्या म्हणाल्या. काय केलंत, कसं केलंत, काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर सरांना सोपं गेलं असतं.

गोष्ट तिथेच राहिली असती तरी पुरे होती. पण दोन दिवसांनी दंतवैद्य काही कागदावर सही घ्यायला आले आणि दारातच थबकले.

"अरे वा. झालं की हे. सर, तुम्हीच दुरुस्त केलंत?"

सरांना उत्तर द्यायला फार वेळ मिळाला असं नाही, पण जेवढा मिळाला तेवढ्यात खरं बोलता आलं असतं. "थोडं बघितलं," सर म्हणाले.

संध्याकाळी ग्रुपवर दंतवैद्यांचा मजकूर आला. वायरताईंना जे जमलं नाही ते आपल्या सरांनी घरबसल्या करून दाखवलं. त्याखाली टाळ्यांची चित्रं, अंगठे, हात जोडलेले. चौथ्या मजल्यावरून कुणीतरी लिहिलं होतं, 'ज्ञान ते ज्ञान.' शिंप्यानं मात्र काहीच पाठवलं नव्हतं. सरांनी दोनदा वरपासून खालपर्यंत बघितलं, शिंप्याचं काही नव्हतं. त्यांनी फोन पालथा ठेवला.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. काकूंनी ताट पाहिलं, पण आग्रह केला नाही. थोड्या वेळानं त्या समोर येऊन बसल्या.

"मी ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. त्या बल्बचं सांगत होत्या ते. आणि खोकं कपाटावर आहे हेही मला ठाऊक होतं."

सरांनी मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चिडला असता. चाळीस वर्षं हेच चाललंय. तुम्ही चिडाल म्हणून मी गप्प बसते आणि मी गप्प आहे म्हणजे तुमचं बरोबर असं तुम्ही धरून चालता. मला त्याचं काही वाटत नसे. पण त्या दिवशी ती माझ्याकडे बघत होती. मी एक शब्द बोलले असते तर तिची सुटका होती. मी जमिनीकडे बघितलं. गेले पंधरा दिवस मला तेच दिसतंय."



दुसऱ्या दिवशी सकाळी ते तळमजल्यावर गेले. शिंपी मशीनवर होता. वायरताई कुठे भेटेल असं विचारलं तर त्यानं पाय थांबवले, सरांकडे नीट पाहिलं आणि पत्ता सांगितला. मोठ्या रस्त्यावर केस कापायचं नवं दुकान होतंय, तिथे. "सर," सर निघाले तेव्हा तो म्हणाला, "शिफारस दातांच्या डॉक्टरांची होती, पण जिन्याचं काम मी तिला मिळवून देत होतो. माझी बहीण लागत नाही ती. काम चांगलं करते म्हणून."

नव्या दुकानात चहूकडे आरसे होते. अजून त्यांच्यावरचे कागद निघाले नव्हते, पण एका आरशाचा अर्धा कागद फाटला होता आणि त्यात सरांना स्वतःचा चेहरा दिसला. ते पटकन बाजूला झाले. वायरताई शिडीवर होती, कमरेपासून वरची छतात गेलेली. फक्त पाय दिसत होते.

"बाई," सर म्हणाले.

ती वाकली. तिनं पाहिलं आणि पुन्हा वर जाऊन हातातली तार खोचली, मगच दोन पायऱ्या उतरली.

सरांनी वाटेत सगळं मनात मांडून ठेवलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना. "बल्ब," ते म्हणाले. "चूक बल्बचीच होती. म्हणजे माझी. खोक्यावर फुली होती. मी बघितलं नाही."

"हो," ती म्हणाली.

"खोकं मी फेकलंही नव्हतं."

"बरं."

"मी माफी मागायला आलोय."

तिनं पक्कड कमरेच्या पट्ट्यात अडकवली. रागावलेली वाटत नव्हती, थकलेली वाटत होती. "सर, मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मला येऊन सांगितल्यानं काय होणार? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

सरांनी मान डोलावली.

"आणि ओहमचा नियम मला येतो," ती म्हणाली. "तंत्रशाळेत शिकले आहे मी. त्या दिवशी उत्तर दिलं असतं तर तुम्ही दुसरा प्रश्न विचारला असता. तो आला असता तर तिसरा. मला काम करायचं होतं, परीक्षा द्यायची नव्हती."

सर तिथून निघाले. शाळेत असं कितीदा झालं असेल, हा विचार त्यांना रस्त्यात आला. फळ्याजवळ उभी राहिलेली, तोंड न उघडणारी किती मुलं. त्यांतल्या कितींना उत्तर येत असेल. ते एका बंद दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ बसले. मग उठून घरी आले.

लिहायला दुपार गेली. पहिल्यांदा लिहिलं, 'काही गैरसमजामुळे'. खोडलं. मग लिहिलं, 'बल्बच्या निवडीत चूक झाली.' काकूंना डोळ्यांमुळे वाचता येत नव्हतं, म्हणून सरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"'चूक झाली' नाही," काकू म्हणाल्या. "'मी केली' असं लिहा."

शेवटी जे गेलं ते पाच ओळींचं होतं. वायरताईंनी मला कोणते बल्ब आणावेत ते आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही आणि चुकीचे आणले. खोकं असूनही नाही म्हणालो. त्यांचं काम पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, मी फक्त बल्ब बदलले. मी त्यांच्याबद्दल लिहिलेलं खोटं होतं.

लगेच उत्तरं यायला लागली. सरांना वाटलं होतं लोक बोल लावतील. त्याची त्यांनी तयारी केली होती. पण लोकांनी लिहिलं, 'सर, तुमचा मोठेपणा.' 'एवढं मोकळेपणानं कोण कबूल करतं?' पुन्हा टाळ्यांची चित्रं. चूक करून टाळ्या, चूक लपवून टाळ्या आणि कबूल करूनही टाळ्याच. तिच्या नावाचा उल्लेख एकाही उत्तरात नव्हता.

ते उठले आणि थेट तिसऱ्या मजल्यावर गेले. दंतवैद्यांनी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत.

"जिन्याचं काम तिला द्या," सर म्हणाले.

"ते झालं, सर. परवाच पूर्ण झालं." दंतवैद्य चष्मा पुसायला लागले. "चार वर्षं मी तिला ओळखतो. तरी तुमच्या एका मजकुरावर मीच फोन करून तिला नको म्हणालो. तुम्ही ग्रुपवर लिहून मोकळे झालात. मला तिला परत फोन करायचाय आणि काय बोलायचं ते सुचत नाहीये."

सर म्हणाले, "मला सुचलं नव्हतं. तरी तिच्याकडे गेलो."

दंतवैद्यांनी फोन केला. वायरताईनं त्यांचं घरचं काम घेतलं, पण लगेच नाही, महिन्याभरानं, हातातली कामं संपल्यावर. ती आली त्या दिवशी काकू सकाळपासून जिन्याकडे कान लावून होत्या. शिडी वर चढताना भिंतीला घासल्याचा आवाज आला तशा त्या दार उघडून बाहेर गेल्या. सर आतच थांबले.

"मी त्या दिवशी बोलायला हवं होतं," काकूंचा आवाज आला. "तुम्ही माझ्याकडे बघत होता."

"तुमचे डोळे कसे आहेत आता?" वायरताईनं विचारलं.

"चांगले आहेत."

"मग झालं तर."

"चहाला या, काम संपल्यावर."

"आज नाही जमायचं, काकू," ती म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता, पण 'पुन्हा कधीतरी' असंही ती म्हणाली नाही. शिडी तिसऱ्या मजल्याकडे निघून गेली.

काकू आत आल्या आणि सरांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. वरून छिन्नीचा हलका आवाज यायला लागला, ठक, ठक, थांबून पुन्हा ठक. सरांच्या मांडीवर पुस्तक होतं, पण आवाज थांबेपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही.